शारजाहून आलेले दिवे

मला सांगितलं होतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला असं वाटायला नको की बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. हे दिवे आपल्याकडच्या रस्त्यांसाठी केलेले नाहीत, त्यांचा उजेड समोरून येणाऱ्याच्या अंगावर चढतो, असं मला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. मी एवढंच विचारलं होतं की गाडीला बसतात का. बसतात म्हटल्यावर मी म्हणालो, मग घेऊन या.

गाडी वडिलांची. मानवतच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे, आणि कापसाला चांगला भाव आला त्या एका वर्षी वडिलांनी ही परदेशी बनावटीची गाडी घेतली. तेव्हा मोंढ्यात अशी गाडी दुसरी नव्हती. पुढं त्या कंपनीनं भारतातला कारभार गुंडाळला, वडीलही गेले, गाडी मात्र चालत राहिली. इंजिनाला काही झालं तर परभणीचा मिस्त्री काहीतरी जुळवून द्यायचा. काचेला मात्र जुळवाजुळव चालत नाही. एका पहाटे पाथरीच्या रस्त्यावर रोही, म्हणजे रानातली नीलगाय, आडवा आला, आणि डावा हेडलाईट फुटला. उजवा आधीच पिवळा पडून आंधळा झालेला. गाडीचं पुन्हा पासिंग तोंडावर आलं होतं, आणि दिव्यांशिवाय ती अंगणात उभी राहणार होती. मुलगा म्हणाला, भंगारात द्या आता. मला ते वडिलांना भंगारात दिल्यासारखं वाटलं.

मग मी दिवे शोधायला निघालो. परभणीच्या स्पेअरच्या दुकानात गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, या गाडीला हार घाला, उदबत्ती लावा. स्पेअर नका मागू." नांदेडला एकानं महिनाभर झुलवलं. हैदराबादच्या जुन्या बाजारात एक दिवा सापडला, तोही उजवा, माझ्या उजव्याहून पिवळा. मोबाईलवर मुलानं एक परदेशी दुकान शोधून दिलं. चित्रात दिवे असे लखलखीत की मी रात्री झोपताना ते पुन्हा काढून बघायचो. सगळं भरून झाल्यावर ते दुकान म्हणायचं, तुमच्या पत्त्यावर पोचवता येत नाही.

शेवटी वाट दाखवली टेलर मास्तरांनी. त्यांचं दुकान आमच्या आडतीच्या समोरच्या गल्लीत. माझ्या शाळेच्या पहिल्या खाकी चड्डीपासून लग्नाच्या सफारीपर्यंत सगळं त्यांच्याच कात्रीखालून गेलेलं. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला कधी एकेरी हाक मारली नाही. वडील होते तेव्हापासून मी त्यांचा "आप्पा". आमचं घर लिंगायतांचं. घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला पांढरं वस्त्र लागतं. तळहाताएवढा चौकोन, चारी बाजू काटकोनात, एकही दोरा लोंबता नको. वडील ते मास्तरांखेरीज कुणाकडून करून घ्यायचे नाहीत. माझ्या धाकट्या बहिणींचं, माझ्या मुलांचं, सगळ्यांचं वस्त्र मास्तरांनी कापलेलं. त्या कापडाला हात लावण्याआधी ते उठून बाहेर जाऊन हात धुऊन यायचे. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मी दुकानात बसून दिव्यांचं रडगाणं गात होतो, तेव्हा मशीन न थांबवता मास्तर म्हणाले, "आमचा जावई शारजाला हाय न्हवं? तिथं जुन्या गाड्यांच्या सामानाचा लय मोठा बाजार हाय म्हणतो. सांगून बघू का?"

त्यांनी सांगितलं, आणि जावयानं आठवड्याच्या सुट्टीत, त्या उन्हात, तो बाजार पालथा घातला. परक्याच्या गाडीसाठी. एका दुपारी मास्तरांच्या फोनवर त्याचा व्हिडीओ कॉल आला. दुकानात मशीनची खडखड होती म्हणून मी फोन घेऊन बाहेर ओट्यावर आलो. त्यानं दिवे दाखवले. जोडी होती, काच नितळ, जणू काल बनवलेली. मग तो म्हणाला की दुकानदार एक गोष्ट विचारतोय. या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून दिव्यांचा उजेड उजव्या कडेला थोडा वर चढवलेला असतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. आपल्याकडं उजव्या अंगानं समोरचा येतो. उजेड त्याच्या डोळ्यांत जाईल. दुकानदार म्हणतोय, विचार करून घ्या.

मी विचार केला नाही. खरं म्हणजे केला, पण तो असा केला की जगभरचे लोक असल्या बारकाव्यात वेळ घालवतात, आपल्या रस्त्यावर बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत कुणाचा दिवा कुठं असतो ते कोण बघतंय. फोन परत देताना मास्तरांनी विचारलं, जमलं का? मी म्हणालो, जमलं. मधलं काहीच सांगितलं नाही.

जावई सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बॅगेत स्वतःच्या कपड्यांमध्ये गुंडाळून दिवे आणले. एका दिव्याला त्याच्या लेकीचा फ्रॉक गुंडाळलेला होता. ते बसवले त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावून दाखवले. मास्तरांनी काचेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता गाडी तरणी दिसायली, आप्पा."

त्यानंतर काही दिवसांनीच ते झालं.

मी दिवेलागणीला परभणीला निघालो होतो. आमच्या गावापासून मानवत रोड स्टेशन काही मैलांवर आहे, आणि मधला रस्ता सरळ, दोन्हीकडं काळं रान, कडेला खोलगट चर. समोरून एक स्कूटर येताना दिसली. दिवा मिणमिणता आणि वर बसलेला माणूस काठी उभी केल्यासारखा ताठ. असं ताठ बसून स्कूटर चालवणारा आमच्या गावात एकच. मास्तर लेकीला स्टेशनवर रेल्वेत बसवून परत येत होते.

आमच्या भागात ओळखीचा माणूस समोरून आला की हॉर्न वाजवत नाहीत. दिवे खाली करतात आणि तो जाईपर्यंत खालीच ठेवतात. वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिल्यांदा हेच शिकवलं होतं, की मोठ्या माणसासमोर मान झुकवावी तसे दिवे झुकवायचे. मीही झुकवले. नव्या दिव्यांत आपण शोभतोय, आणि हे दिवे ज्यांच्यामुळं मिळाले तेच समोरून येताहेत, याचा आनंद झाला होता मला. मुद्दाम गाडी सावकाश केली. त्यांनी नीट बघावं म्हणून.

ते बाजूनं गेले. निदान मला वाटलं, गेले. आरशात पाहिलं तर मागं अंधार. त्यांच्या स्कूटरचा मागचा लाल दिवा कित्येक दिवस बंद होता, मी त्यावरून त्यांना चिडवायचोही. मी हसलो, आणि पुढं गेलो. परतताना रस्त्यावर काही नव्हतं.

सकाळी मोंढ्यात कुलूप काढताना हमाल म्हणाला, काल टेलर मास्तर स्टेशनच्या रस्त्याला पडले, दूधवाल्यानं चरातून उचललं, लय वेळ पडून होते म्हणतात.

मी दुकान न उघडताच किल्ली त्याच्या हातात दिली आणि दवाखान्याकडं निघालो. मला अजून काही कळलं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण मग दुकान न उघडताच मी का निघालो?

दवाखान्यात त्यांच्या खाटेभोवती गल्लीतली माणसं उभी होती. मास्तरांचा खांदा बांधलेला, गालावर खरचटलेलं. ते सगळ्यांना तेच सांगत होते, आणि मला बघून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. समोरून कुठली तरी मोठी गाडी आली. तिनं दिवे खाली केले असावेत, कारण एकदा झपकन् हलल्यासारखं झालं. आणि मग सगळं पांढरं. रस्ता न्हाई, हँडल न्हाई, आपले हात न्हाईत. "आप्पा, दिवे खाली केलेल्या गाडीनं कुणाला असं होतं का? माझ्याच डोळ्यांत काहीतरी झालंय."

मी त्या खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा होतो. वेळ तीच, जागा तीच. ओट्यावर फोनमधून ऐकलेली प्रत्येक गोष्ट मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवली. आणि मग सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडून आलं, "उसाचा ट्रक असंल, मास्तर. आजकाल लय सुटलेत."

माणसं हो हो म्हणाली. एकानं ट्रकवाल्यांना शिवी घातली. मी घडाघडा खोटं बोलू शकतो हे मला पन्नाशीत कळलं. आवाज जराही कापला नाही.

त्या संध्याकाळी मी गाडी आमच्या गोदामाच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. खाली केले. डावीकडं उजेड सरळ आडवा होता, आणि उजवीकडं तो वर चढत गेला होता, भिंतीवरून, स्कूटरवर बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथपर्यंत, आणि त्याही वर. मी चालत तिथं जाऊन उभा राहिलो. मला काहीच दिसेना. हात पुढं करून मी गाडीचं बॉनेट शोधलं. माझ्या गोदामापुढं, ओळखीच्या जमिनीवर, उभ्या गाडीसमोर माझी ही गत. ते तर चालत्या स्कूटरवर होते.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी अंधारात काढणं बंद केलं. एवढंच केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, बॅटरी बसलीय.

हाड जुळलं. महिन्या-दीड महिन्यात मास्तर हात हलवायला लागले. मला वाटलं, झालं, आता मशीन सुरू होईल, आणि मी हे पोटात घालून टाकीन. दिवाळी आली, गेली. गल्लीत खडखड ऐकू आली नाही. मध्येच त्यांच्या घरच्यांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात होतेच, कामाला काही अडचण नाही. घरच्यांनी त्यातला एकच शब्द घरी आणला. स्कूटर जावयाच्या भावाला दिली. मास्तर दुकान उघडून बसायचे, पण मशीनवर झाकण. येणाऱ्याला सांगायचे की आता नजर गेली, कापड दुसरीकडं द्या. लोक हळहळायचे आणि दुसरीकडं द्यायचे. मी रोज त्या गल्लीतून जात होतो. रोज रामराम करत होतो. एकदा तर त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले.

मग माझ्या लेकीला मुलगा झाला. आमचा पहिला नातू. लिंगधारणाचा दिवस ठरला, मठातल्या महाराजांना निरोप गेला, आणि बायकोनं माझ्या हातात नवं पांढरं कापड ठेवलं आणि म्हणाली, मास्तरांकडं द्या. मी म्हणालो, त्यांचं काम बंद आहे. ती म्हणाली, दुसऱ्यांचं असेल बंद.

मास्तर दुकानात होते. मला, माझ्या हातातल्या कापडाला बघताच उठले. बाहेर रांजणाकडं गेले, हात धुतले, कोरडे केले, परत आले. मला वाटलं, झालं, सगळं मिटलं. त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूनं रेघ ओढली. रेघ सरळ होती, मी बघत होतो, फुटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. त्यांनी कात्री उचलली, कापडाच्या काठाला टेकवली. आणि ती तशीच राहिली. उघडी. बराच वेळ. मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि कापडाची घडी करून माझ्यासमोर सरकवली.

"देवाचं कापड हाय, आप्पा," ते म्हणाले. "वाकडं गेलं तर मला सोसायचं न्हाई. तुमच्या वडिलांनी माझ्याशिवाय कुणाला दिलं न्हाई, पण ते तवा. आता मला माझ्या डोळ्यांचा भरोसा न्हाई राहिला."

आतून मास्तरांच्या पत्नी, आमच्या भाबी, आल्या. त्यांनी मला सांगितलं, जरा हळू आवाजात, की मशीन विकायचं ठरलंय. पाथरीचा एक जण सोमवारी न्यायला येणार आहे. दुकानाची जागा एक मोबाईलवाला भाड्यानं घेतो म्हणतो.

मी ती घडी घेऊन घरी आलो. अंगणात गाडी उभी होती. तिचे दिवे पुसलेले होते, कारण पासिंगसाठी ती चकचकीत ठेवायची मला सवय लागली होती. मी त्या दिव्यांत बघितलं आणि त्यांत मी उभा दिसत होतो, छोटा, उलटा, हातात पांढरी घडी. सरळ रेघ ओढणाऱ्या माणसाच्या हातून कात्री सुटली होती, आणि ती मी सोडवली होती. अपघातात नव्हे. अपघात एका क्षणाचा होता. ती मी त्यानंतर रोज, रामराम करत, थोडी थोडी सोडवत आणली होती. हे कळलं तेव्हा मी पायरीवरच बसलो.

बायको बाहेर आली. कापड तसंच बघून तिनं विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. फोन, ओटा, रस्ता, भिंत, ट्रक. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा मला बघवत नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडं असं अनोळखी माणसाकडं बघितल्यासारखं कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "मग मला काय सांगायलाय? तिकडं जा."

मी पान्हे काढले. दिवे बसवायला परभणीहून मिस्त्री आणला होता, काढायला मला कुणी लागलं नाही. ते बाहेर आल्यावर गाडीच्या तोंडावर दोन खोबणी राहिल्या, तारा लोंबत. वडिलांची गाडी अशी मी कधी पाहिली नव्हती. दोन्ही दिवे पोत्यात घातले, वर कापडाची घडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोंढा ओलांडून निघालो. मुद्दाम दुपारी. त्या वेळी मास्तरांच्या दुकानासमोरच्या बाकावर चहाला माणसं असतात, आणि दवाखान्यात खाटेभोवती जी उभी होती, त्यातलीच ती. खोटं त्यांच्यासमोर बोललो होतो. खरं एकट्या मास्तरांच्या कानात सांगून भागणार नव्हतं. मी तसं केलं असतं तर गावात ते आंधळेच राहिले असते.

बाकावरच्या एकानं पोतं बघून थट्टा केली, "आप्पा, सरकी विकायला निघालात का?" मी पायऱ्या चढलो. मास्तर झाकलेल्या मशीनवर कोपर टेकून बसले होते. भाबी आतल्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. मी पोत्यातून एक दिवा काढला, कापायच्या टेबलावर ठेवला. दुसरा काढला, शेजारी ठेवला. मास्तरांनी दिव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

मी घरून निघताना काय बोलायचं ते जुळवून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी कापडाची घडी उलगडली. त्यावर त्यांनी खडूनं ओढलेली रेघ अजून होती. ती त्यांच्यापुढं धरली, आणि आधी ती रेघच दाखवली.

"ही बघा मास्तर, ही तुमी काल ओढली. ही वाकडी हाय का? बाकावरच्यांनी बघा, कुणीबी बघा. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं न्हाई. त्या दिवशी समोरून ट्रक आला नव्हता. मी आलो होतो. मी तुमाला वळखलं, तुमच्यासाठी दिवे खाली केले, आणि तेच तुमच्या डोळ्यांत गेले. हेच दिवे. ते तसे जातात हे तुमच्या जावयानं मला फोनवर सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई आणि तुमाला कळू दिलं न्हाई. तुमाला चरात टाकून मी खुशीत परभणीला गेलो. दवाखान्यात या सगळ्यांसमोर मी ट्रकचं खोटं बोललो. आणि दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत तुमी आंधळे व्हायलात हे मी बघत राहिलो. मशीन विकू नका. चूक तुमच्या नजरेची न्हाई, माझी हाय. सगळी माझी. मला माफ करा, मास्तर."